लेथवर पहिला शाफ्ट: आरपीएम, सेंटर आणि माप

जळगाव-भुसावळकडच्या वर्कशॉपात नवं पोरगं लेथवर, म्हणजे रॉड फिरवून कापायच्या यंत्रावर, आधी फेसिंग (रॉडचं टोक सपाट कापणं) शिकतं. टूलचं टोक सेंटरच्या (रॉड ज्या मध्यरेषेभोवती फिरतो तिच्या) खाली राहिलं की जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, मधोमध बारीक टेकाड उरतं. टूलखाली पत्र्याची पट्टी सारून उंची जुळवा. वर गेलं तर टूल कापत नाही, घासतं.

२५ मिमी व्यासाचा एमएस (माइल्ड स्टील) रॉड, एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल, कटिंग स्पीड, म्हणजे टूलसमोरून रॉडचा पृष्ठभाग सरकण्याचा वेग, ३० मीटर प्रतिमिनिट धरली तर १००० × ३० ÷ (३.१४ × २५), म्हणजे साधारण ३८२ आरपीएम (मिनिटाला फेरे). लेथवर नेमका आकडा नसतोच, खालचा गिअर घ्या.

फिनिश कटनंतर, म्हणजे शेवटच्या बारीक कापानंतर, लगेच मायक्रोमीटर लावू नका. जॉब ४० अंशांनी तापलेला असेल, तर २५ मिमीवर शतांश मिमीने जाड दिसतो. तेव्हाच्या मापावर कापलात तर गार झाल्यावर शाफ्ट आकसतो, त्यावर बेअरिंग ढिलं बसतं, आणि मग दोष बेअरिंगला!