पेडणे, ट्यूबलाइट आणि माझी मान

गोव्यात चार दिवस होतो. हरमलचा किनारा, तिथली असह्य गर्दी, भाड्याच्या स्कूटरचं पंक्चर, संपलं. सांगण्यासारखं घडलं ते पेडण्याला, आत्याच्या ओसरीवर.

ऑक्टोबरची सुरुवात. भात पिवळं पडू लागलेलं आणि शेत ओसरीपासून दहा पावलांवर. जेवून ट्यूबलाइटखाली मोबाइल बघत पडलो होतो. मानेवर काहीतरी सरसरलं. हात आपसूक गेला, चिरडलं, पुसलं.

"अरे मेल्या, मारतोस कशाला? फुंकर घाल!" आत्या ओरडली. मी हसलो. फटका मारणं हा माझा जन्मजात दोष.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही नाही. मग मानेवर चाबूक ओढल्यासारखा लाल पट्टा, आग, वर बारीक फोड. कोपराच्या आत समोरासमोर दोन डाग, हात मुडपल्यावर एकाचा दुसऱ्यावर छाप उठावा तसे. शेजारच्या काकींनी लगेच नागीण ठरवून लेपाची तयारी केली. डॉक्टरांनी लांबूनच विचारलं, "रात्री दिव्याखाली बसला होतात?"

मानेवर चिरडला तो पेडेरस नावाचा किडा. जेमतेम सेंटिमीटरभर, नारिंगी-काळा, पाठीवर निळसर चकाकणारे आखूड पंख, मुंगीसारखा पळणारा. चावत नाही, डंखही नाही. चिरडला की त्याच्या रक्तातलं पेडेरिन कातडीला लागतं, आणि हे विषसुद्धा त्याचं स्वतःचं नव्हे, अंगात राहणाऱ्या जिवाणूंनी बनवलेलं! यांच्यातली पेडेरस फ्युसिपीस ही जात इंग्लंडपासून मध्य आशियामार्गे जपानपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलीय. माझा पासपोर्ट अजून कोरा आहे. २०२२ साली सिक्कीममध्ये एका कॉलेजच्या शंभरेक विद्यार्थ्यांना याच्याच भाईबंदांनी भाजलं होतं.

आत्याला मात्र त्याचं कौतुक. "भातावरचे तुडतुडे कोण खातं मग? तू?" हेही खरंच. शेतात शिकार करणारा हा प्राणी आमच्या दिव्याला भुलून वर येतो, आणि चूक त्याची ठरते.

शेवटच्या रात्री एक माझ्या मनगटावर चढला. शेपूट विंचवासारखी वर. श्वास रोखून फुंकर घातली. जागचा हलेना. दुसरी घातली, तेव्हा उतरला नि ओसरीच्या कडेवरून अंधारात गेला. आत्याने उठून ट्यूबलाइट बंद केली.

ऑफिसात आता तो पट्टा काळा पडलाय. गोव्यात नेमकं काय केलंस, असं तिघांनी विचारलं. किड्याची गोष्ट एकालाही पटली नाही.