साठीनंतर पोहताना आधी हात मोजा, लॅप नंतर

माझं पोहणं विहिरीतलं. सांगलीकडच्या आमच्या गावी दादानं पाठीला वाळका भोपळा बांधून मला विहिरीत सोडलं, आठ-दहा दिवसांत भोपळा सुटला आणि मग अख्खा मे महिना पाण्यातच, मुटके मारायचे नाहीतर बुडी मारून तळाची माती वर आणून दाखवायची. त्यामुळे रिटायर झाल्यावर 61 व्या वर्षी पुण्यात टँकवर सकाळच्या लेडीज बॅचला नाव घातलं तेव्हा आता नव्याने काय शिकायचंय असंच वाटत होतं.

पण विहिरीतलं पोहणं म्हणजे डोकं कायम पाण्याच्या वर आणि पाय बेडकासारखे. तसेच रोज 20-20 लॅप मारायला लागले आणि दीड महिन्यात उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला, जिना उतरताना तर जास्तच, मानेचं स्पाँडिलायटिस होतंच ते पण वर आलं. तेव्हा जे शिकवायला होते त्यांना सांगितलं तर म्हणाले चालू ठेवा, सुटेल. नाही सुटलं. तीन आठवडे घरी बसले आणि याचं मला अजून वाईट वाटतं, कारण आपल्या वयाच्या कितीतरी बायका अशाच एका दुखण्यावरून टँक सोडतात आणि परत येत नाहीत.

नंतर आली ती आमची आत्ताची कोच, पंचविशीतली मुलगी. तिने पहिल्या दिवशी मला एक लॅप मारायला लावला आणि म्हणाली, काकू 34 वेळा हात मारावे लागले तुम्हाला 25 मीटरला, आणि मान एकदाही खाली नाही गेली. मग समजावून सांगितलं की डोकं वर राहिलं की कंबर आणि पाय खाली जातात, म्हणजे तुम्ही पाणी कापत नाही, पाणी ढकलत जाता, सगळा दम त्यातच जातो. आणि ब्रेस्टस्ट्रोकच्या, म्हणजे त्या बेडकासारख्या किकमध्ये नडगी बाहेर वळते, पाय मिटताना गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटवर ताण येतो, तरण्या पोरांचे गुडघे पण त्याने दुखतात. तिने ती किक बंदच केली. आता ब्रेस्टस्ट्रोक मारते तो हात ब्रेस्टस्ट्रोकचे आणि पाय फ्रीस्टाइलचे, सरळ वर-खाली मारायचे, असा, मजेत जातं.

पहिले दोन आठवडे फक्त बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहणं. नाक-तोंड बाहेर त्यामुळे श्वासाची धावपळ नाही, मानेला आराम, छाती मोकळी होते, आणि दिवसभर पोक काढून मोबाइल बघणाऱ्या खांद्यांना तर हवंच असतं ते. पोट वर ठेवायचं, कान पाण्यात बुडू द्यायचे, एवढं जमलं की झालं. जपानच्या मिएको नागाओका आजी गुडघ्याच्या दुखण्यासाठी म्हणून ऐंशीच्या आसपास पोहायला लागल्या आणि 2015 साली वयाच्या 100 व्या वर्षी 1500 मीटर फ्रीस्टाइलची रेस त्यांनी पूर्ण बॅकस्ट्रोकने संपवली, सव्वा तासाच्या थोडं वर लागलं. फ्रीस्टाइलच्या रेसमध्ये कुठलाही स्ट्रोक चालतो हे मला त्यांच्यामुळे कळलं, आणि गुडघा दुखतोय म्हणून पाणी सोडायचं नसतं हे पण.

फ्रीस्टाइलला, म्हणजे पालथं होऊन एकेक हात मारत जायला, मात्र वेळ लागला. माझी अडचण श्वास घेण्याची नव्हतीच, सोडण्याची होती. मी तोंड पाण्यात घालून श्वास दाबून धरायची आणि बाहेर काढल्यावर सोडणं-घेणं दोन्ही एकदम करायला जायची, त्यात दम लागणारच. कोचने उथळ बाजूला कठडा धरून उभं केलं, तोंड पाण्यात, नाकातून बुडबुडे, हळू, सलग, शेवटपर्यंत, मग नुसतं तोंड बाजूला वळवून आत घे. पन्नास वेळा. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी अर्ध्या टँकपर्यंत न थांबता गेले आणि छातीतली ती घाबरल्यासारखी धडधड नव्हती, खूप बरं वाटलं.

खांद्याचं पण सांगते. हात पाण्यात घालताना डोक्यासमोर आडवा घालायचा नाही, खांद्याच्या रेषेत घालायचा, अंगठा आधी खुपसायचा नाही, आणि सगळं अंग कुशीवर वळू द्यायचं. अंग वळलं की मान कमी वळवावी लागते, माझ्यासारख्या मानवाल्यांनी हे नक्की करा.

सध्या माझं असं चालतं, सोम-बुध-शुक्र पाऊण तास. आधी दहा मिनिटं छातीएवढ्या पाण्यात चालणं, पुढे आणि उलटं पण (एवढ्या पाण्यात गुडघ्यावरचा भार जेमतेम एक तृतीयांश राहतो). मग बॅकस्ट्रोकच्या 4 लेंथ (टँकची एक लांबी, 25 मीटर, म्हणजे एक लेंथ) आरामात, 6 लेंथ कुशीवर एक हात लांब करून किक, 8 लेंथ फ्रीस्टाइल आणि प्रत्येकीनंतर अर्धा मिनिट तरी थांबणं, शेवटी 4 लेंथ तो माझा मिक्स ब्रेस्टस्ट्रोक. सगळं मिळून 550 मीटर. फ्रीस्टाइलच्या वेळी हात मोजायचे, हात वाढले की थकलो, मग थांबायचं, घड्याळ बघायचं नाही.

बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच कमी राहते, म्हणून नाडीवर जाऊ नका, काठावर आल्यावर सलग दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. श्वास रोखून पाण्याखाली किती जाता येतं ते बघायचं वय गेलं आपलं. पाण्यात असलो तरी घाम येतो, बाटली काठावर ठेवा. पोहण्याने हाडांवर भार पडत नाही त्यामुळे उरलेल्या दिवशी चालणं सोडू नका. आणि कॉस्च्युमची लाज वाटत असेल तर पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे मिळतात, आमच्या बॅचमध्ये निम्म्या जणी तेच घालतात.

आमच्या लेनमध्ये एक 71 वर्षांच्या ताई आहेत, आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरल्यात. परवा त्यांनी कठडा सोडला, मी शेजारी हात पसरून उभी होते, त्या पाठीवर दहा सेकंद तरंगल्या आणि उठून पहिलं वाक्य काय, कान भरले पाण्याने पण आतून किती शांत वाटतं गं. आता सोमवारी त्यांना बुडबुडे शिकवायचेत. माझे 34 चे 26 हात झालेत, आणि गुडघा जिन्यावर गप्प आहे.