क्लिपा जोडायचं टूल: अपडेट, टेम्प फाईलचा तिढा सुटला

तर मंडळी, टूलचं गाडं पुढे सरकलंय. काम तसं साधं, पायथनने व्हिडिओ क्लिपांची यादी टेम्प (तात्पुरत्या) फाईलमध्ये लिहायची आणि ती एफएफएमपेगला (क्लिपा जोडणारा प्रोग्राम) द्यायची, पण फाईल दुसरी प्रोसेस वाचणार म्हटलं की नाटकं सुरू होतात.

सुरुवात नेम्डटेम्पररीफाईलने (पायथनची, बंद केली की आपोआप उडणारी टेम्प फाईल) केली. लिनक्सवर लिहून झालं की फ्लश मारायचं, नाहीतर एवढीशी यादी पायथनच्या बफरमध्येच (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) राहते आणि समोरच्याला रिकामी फाईल दिसते. (बरेच जण एफसिंकपण टाकतात, त्याची इथे गरज नाही, तो लाईट गेली तरी डेटा डिस्कवर असावा म्हणून असतो.) विंडोजवर मात्र आपण फाईल उघडी ठेवली तर एफएफएमपेगला ती उघडता येत नाही आणि बंद केली तर ती उडूनच जाते, म्हणजे धरलं तर चावतंय सोडलं तर पळतंय. पायथन ३.१२ मध्ये त्यासाठी डिलीट_ऑन_क्लोज आलंय, ते फॉल्स ठेवलं की क्लोजनंतरही फाईल राहते आणि विथ ब्लॉक (ती फाईल वापरणारा कोडचा तुकडा) संपला की जाते. सोय मस्तय पण मला जुन्या व्हर्जनवरही चालवायचंय.

म्हणून शेवटी टेम्पररीडिरेक्टरी, म्हणजे विथ संपला की आपोआप पुसलं जाणारं फोल्डर. फोल्डर बनवा, आत साध्या ओपनने यादी लिहा, बंद करा आणि मगच एफएफएमपेग चालवा, फ्लशची भानगडच नाही आणि विंडोज-लिनक्स दोन्हीकडे तोच कोड. फक्त एफएफएमपेग चालवणारं सबप्रोसेस.रन विथच्या आतच हवं, न थांबता पुढे जाणारं पीओपन वापरलंत तर वेट करा, नाहीतर समोरचा वाचायच्या आधीच फोल्डर गायब. आणि ते फोल्डर ०७०० परमिशनचं (फक्त मालक युजरला मुभा) असतं, त्यामुळे वाचणारी प्रोसेस दुसऱ्या युजरखाली असेल तर तिला आत शिरताच येणार नाही.

अजून एक गंमत, कॉनकॅटच्या (एफएफएमपेगची क्लिपा जोडायची पद्धत) यादीतले रिलेटिव्ह पाथ यादीची फाईल जिथे आहे तिथून धरले जातात, म्हणजे यादी टेम्पमध्ये गेली की सगळे पाथ फसले. ॲब्सोल्यूट पाथ लिहिले आणि सोबत सेफ शून्य (असे पाथ चालू द्यायचा पर्याय) दिलं, चाललं.

आता पुढचा टप्पा, तयार व्हिडिओ दुसरी एक स्क्रिप्ट फोल्डरवर नजर ठेवून उचलते, तिला अर्धवट फाईल मिळायला नको. तिथे वेगळ्या नावाने लिहून मग ओएस.रिप्लेसने खरं नाव देणार, पण ती तात्पुरती फाईल त्याच फाईलसिस्टिमवर (डिस्कच्या त्याच भागावर) ठेवावी लागेल, टेम्पमधून दुसऱ्या फाईलसिस्टिमवर रिप्लेस केलं तर लिनक्स सरळ एरर देतं.