भरला कळंबा आणि चिखलीचा चिखल

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही कोल्हापूरजवळच्या कळंबा तलावाच्या बांधावर पक्षी बघायला उभे होतो. आदल्या रात्री सांगलीहून आलेला माझा आतेभाऊ सोबत होता. दुर्बीण त्याने पहिल्यांदाच हातात घेतली होती. तलाव तुडुंब होता, सांडव्यावरून पाणी वाहत होतं आणि कात्यायनीच्या डोंगरावर ढग टेकले होते. बघायला सुंदरच. पण सात वाजेपर्यंत आमच्या वहीत चार पाणकावळे, दोन हळदी-कुंकू बदकं आणि एक खंड्या एवढीच नोंद होती. आतेभावाने विचारलं, "दादा, उत्तरेकडून येणारे पाहुणे कुठायत?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर कळायला मला स्वतःला दोन-तीन वर्षं लागली आहेत. या दिवसांत पहिल्यांदा येतात ते काठावरचे लहान पक्षी: तुतारी, चिखल्या, धोबी. त्यांना बोटभर पाणी आणि ओला गाळ लागतो. पाऊस संपता संपता तलाव काठोकाठ भरलेला असतो, पाणी थेट गवताला आणि दगडी पिचिंगला लागलेलं असतं, गाळ उघडा पडलेलाच नसतो. मग ते तिथे उतरणार कशाला? डिसेंबर-जानेवारीत पाणी खाली गेलं की हाच कळंबा त्यांच्यासाठी जेवणाचं ताट होतो. तोवर पक्षी शोधायचे ते सांडव्याखाली, ओढ्यात, शेतातल्या डबक्यात, जुन्या खणींत आणि नदीचं पाणी उतरलेल्या मळीत. कोल्हापूरला या हंगामात येणाऱ्याने हे एवढं ध्यानात ठेवलं, तरी माझा वाया गेलेला दीड तास त्याचा वाचेल.

म्हणून बांध सोडून सांडव्याच्या खालच्या अंगाला गेलो. पाच मिनिटंही झाली नसतील, तोच "झिट्-झिट्" असा टोकदार आवाज आला आणि एक करडा धोबी वाहत्या पाण्यातल्या दगडावर येऊन बसला. यंदाचा माझा पहिलाच. (आमच्याकडे याला परीटही म्हणतात.) पाठ राखाडी, पोटाखाली शेपटीच्या बुडाशी लिंबासारखा पिवळा रंग, आणि अंगापेक्षा मोठी वाटणारी शेपटी खालीवर, खालीवर. शेपटी एक क्षणही थांबत नाही. पाण्याच्या पातळ पडद्यावरून तो पळत गेला, अर्धा फूट उडून हवेतली चिलटं टिपली आणि पुन्हा त्याच दगडावर आला. उन्हाळ्यात हा हिमालयातल्या आणि त्याही पलीकडच्या ओढ्यांकाठी घरटं करतो. तिथून इथवर येऊन त्याने पुन्हा खळाळतं पाणीच निवडलं. आतेभाऊ वीस मिनिटं तिथून हलायला तयार नव्हता, आणि मीही त्याला हलवलं नाही.

करडा आणि पिवळा धोबी यांत नवख्या माणसाची हमखास गल्लत होते, कारण पिवळा रंग दोघांनाही असतो. पाय बघा. करड्याचे पाय फिकट, तपकिरी-गुलाबी असतात, पिवळ्याचे काळे. करडा बहुतेक वेळा एकटा आणि वाहत्या पाण्याशी. पिवळे घोळक्याने, ओल्या गवतात, चरणाऱ्या म्हशींच्या पायांत.

नऊनंतर ऊन चढलं, तशी मिसळ खाऊन प्रयाग चिखलीकडे निघालो. शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडी, चिखली, वडणगे हा सगळा पट्टा पंचगंगेच्या पुराचा. चिखलीजवळच्या संगमावर नद्या एकत्र येतात आणि तिथून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात. यंदा पाणी पात्राबाहेर येऊन गेलं होतं. नदीकडेच्या उसावर गाळाची पुटं चढलेली, शेंडे कुजलेले, आणि त्या कुजक्या उसाचा आंबूस वास. हे लिहिताना मन जड होतं. कुणाचं तरी वर्षाचं पीक गेलेलं असतं आणि त्याच चिखलाच्या काठी आपण दुर्बीण लावून उभे असतो. त्यामुळे या भागात जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आधी शेतकऱ्याला रामराम घाला, काय करताय ते सांगा, परवानगी घ्या आणि बांधावरूनच चाला. उभ्या भातात पाऊल टाकू नका.

आम्हाला भेटलेले काका सत्तरीचे असतील. "काय बघायलाईसा पावणं?" त्यांनी विचारलं. मी चिखलाकडे बोट दाखवलं. "ही बारकी पाखरं व्हय? गणपती गेलं की येत्यात ही." त्यांच्या हातात दुर्बीण दिली. समोर पंधरा पावलांवर छोटा चिखल्या होता: चार पावलं तुरुतुरु पळायचं, एकदम थांबायचं, वाकून टिपायचं, पुन्हा पळायचं. काकांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "डोळ्याला पिवळं कडं हाय की ह्येच्या!" छोट्या चिखल्याची नेमकी खूण त्यांनी कोणी न सांगता सांगितली. चिखलीत चिखल्या, हे त्यांना मी सांगितल्यावर तेही मनमोकळं हसले.

तिथे तासाभरात तिन्ही तुताऱ्या मिळाल्या. तिन्ही एकाच सकाळी शेजारी-शेजारी बघायला मिळणं ही या हंगामाची खरी मेजवानी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सामान्य तुतारी आधी ओळखायला शिका. छातीची बाजू आणि पंख यांच्यामधून पांढऱ्या रंगाची एक पाचर खांद्याकडे वर चढलेली दिसते. मागचा भाग सतत डोलत असतो. उडते ती पाण्याला लागून, पंख ताठ ठेवून, थरथर-थरथर करत. हिरवी तुतारी नावालाच हिरवी. लांबून ती काळपटच वाटते. डोळ्यावरची पांढरी रेघ डोळ्याच्या मागे फारशी जात नाही, म्हणजे ती चोच आणि डोळा यांच्यामध्येच असते. ही एकटी राहते, उसाच्या सरीतल्या चार हात डबक्यातही. तुम्हाला दिसायच्या आधी तिला तुम्ही दिसलेले असता. ती ओरडत सरळ वर उठते, तेव्हा पंखाखालचा काळा रंग आणि कमरेचा लख्ख पांढरा पट्टा असा चमकतो की एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. तिसरी ठिपकेवाली तुतारी. पाठीवर नाचणी सांडल्यासारखे ठिपके, भुवईची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत लांब, पाय पिवळसर आणि पंखाखालून फिकट. ती भाताच्या खाचरात पाच-सहाच्या गटाने असते. शंका आली तर पक्षी उडेपर्यंत थांबा, पंखाखाली बघा. पण त्याला मुद्दाम उडवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या त्या जिवाला आधी खाऊ द्या.

तुतारीच्या जातीतले पक्षी साधारणपणे आई-बाप आधी आणि त्या वर्षीची पिल्लं मागाहून, असे निघतात. त्यामुळे जुलैअखेर, ऑगस्टमध्ये दिसणारे बरेचसे झिजल्या पिसांचे मोठे पक्षी असतात. सप्टेंबरात पिसांच्या कडा नव्या, नेटक्या असलेली पिल्लं दिसू लागतात. खाचरातल्या एका ठिपकेवालीची पाठ इतकी ताजी होती, की ठिपक्यांचा एकेक कण मोजता आला असता.

दुपारी घरी येऊन झोप काढली. संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो, पण तिथे फार वेळ दिला नाही. संध्यामठाच्या बाजूने केंदाळात जांभळ्या पाणकोंबड्या आणि वारकरी (पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी) होते, तारांवर माळभिंगऱ्यांची ओळ बसली होती. भिंगऱ्या मात्र सूर्यास्तापर्यंत थांबून बघाव्यात. घरच्यांना सोबत न्यायचं असेल तर रंकाळाच बरा.

रविवारी मसाई पठार. पन्हाळ्यावरून म्हाळुंग्याच्या बाजूने आम्ही सूर्योदयाला वर पोचलो. दाट धुकं, वारा, दुर्बिणीच्या काचेवर वाफ. ही वाफ आमच्या घामट खिशामुळे होती: दुर्बीण खिशात किंवा अंगावरच्या रेनकोटात दडवू नका, गळ्यात मोकळी ठेवा आणि सुती रुमाल जवळ असू द्या. आठच्या सुमारास धुकं फाटलं आणि पिवळ्या-जांभळ्या फुलांच्या गालिच्यावर, गवताला जवळजवळ घासत, एक भोवत्या (शिकारी पक्षी) तरंगत आला. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरलेले, कमरेवर पांढरा पट्टा, अंग तपकिरी. म्हणजे मादी किंवा त्या वर्षीचं पिल्लू. पांढुरका की माँटेग्यूचा, या दोन जातींतला कोणता हे एवढ्यावर ठरवणं योग्य नव्हतं. वहीत नुसतं "भोवत्या" लिहिलं. ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद करणाऱ्यांनीही असंच करावं. अंदाजाने भरलेलं नाव पुढे सगळ्यांनाच चकवतं.

एक गोष्ट मनाला लागली. पठारावर थेट गाड्या घातलेल्या होत्या, फुलांतून चाकांचे चर उमटले होते. याच उघड्या जमिनीवर चंडोल आणि टिटवीसारखे पक्षी अंडी घालतात. गाडी खाली ठेवा. चालायला अर्धा-पाऊण तास जास्त लागेल, पण त्या चालण्यातच तीरचिमण्या आणि चंडोल दिसतात.

आता जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा काळ धरा. मात्र नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी लोटते, तेव्हा राहायची खोली आधी ठरवल्याशिवाय येऊ नका. विसर्जनाच्या दिवसांत नदीकाठ आणि रंकाळा टाळा. कळंब्याला केएमटीने (शहर बसने) जाता येतं, पन्हाळ्याला मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी आहे. चिखली आणि मसाईला मात्र स्वतःची दुचाकी सोयीची. चिखलात बूट रुततात. गुडघ्याएवढे गमबूट शेती-अवजारांच्या दुकानात मिळतात, तेच घ्या. ८×४२ ची दुर्बीण पुरेशी आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. पठारावर दुकान नाही, पाणी आणि भाकरी बरोबर न्या. दाजीपूरला जायचं मनात असेल तर अभयारण्य उघडलं का, हे वनखात्याकडे आधी विचारून घ्या. पावसाळ्यात ते पर्यटकांसाठी बंद असतं. आणि गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर थांबल्याशिवाय परत जाऊ नका. समोर काढलेलं म्हशीचं दूध पिऊन दिवसभराचा शीण जातो.

परतताना पठाराच्या खाली, करवंदीच्या जाळीपाशी सातभाईंचा कलकलाट ऐकू आला म्हणून गाडी थांबवली. सात-आठ सातभाई आणि त्यांच्यात एक वेगळंच पिल्लू: पाठ मातकट, पोट फिकट, डोक्यावर नुकता उगवू लागलेला आखूड तुरा. चातकाचं पिल्लू. एक सातभाई चोचीत अळी घेऊन आला. पिल्लाने पंख थरथरवले, लाल तोंड उघडलं, आणि त्याच्यापेक्षा फार मोठा नसलेल्या त्या सातभाईने अळी थेट घशात घातली. चातकाचे आई-बाप पावसाच्या सुरुवातीला आफ्रिकेकडून येतात, सातभाईच्या घरट्यात अंडी घालतात आणि पाऊस सरत आला की परत निघतात. पिल्लू मागाहून जातं. त्याला वाट दाखवायला कोणी नसतं. आतेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "याला समुद्र लागणार हे माहीत असेल का?"

पुढच्या रविवारी मी एकटाच पुन्हा तिथे गेलो. सातभाई त्याच जाळीत होते. मोजले, आठ होते. चातक नव्हता.