काकांना मी ती गोळी दिली नाही

मिरजेत औषधाचं दुकान म्हटल्यावर रिकामी स्ट्रिप घेऊन येणारी माणसं रोजचीच. मंगळवारी आलेल्या काकांच्या हातात फ्लेकेनाइडची स्ट्रिप होती. "मेव्हण्याची धडधड ह्या गोळीनं थांबली बघा ताई. मलापण मधेच ठोका चुकल्यासारखं होतंय. दहा द्या."

काकांना दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेलाय, स्टेन्ट आहे. त्यांची महिन्याची औषधं माझ्याकडूनच जातात, म्हणून मला माहीत. चिठ्ठीशिवाय मी ही गोळी कुणालाच देत नाही, पण त्यांना नुसतं 'नाही' म्हणून पाठवायचं नव्हतं. स्टुलावर बसवलं आणि 'कास्ट' नावाच्या औषध-चाचणीची गोष्ट सांगितली.

अटॅकनंतर हृदयात असे, ठोका चुकल्यासारखं वाटायला लावणारे जादा ठोके पडत असतील तर अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. मग ठोके दाबले की माणूस वाचेल, असं सगळ्यांना वाटायचं. फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड ते ठोके फार छान दाबायच्या. १९८७ मध्ये अमेरिकेत याची नीट परीक्षा सुरू झाली. ज्यांचे ठोके गोळीनं खरोखर दबले, त्यांच्यातल्याच निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. कोणाला कुठली, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं.

सरासरी दहा महिन्यांत खऱ्या गोळीवरच्या ७५५ जणांपैकी ६३ गेले. औषध नसलेल्या गोळीवरच्या ७४३ पैकी २६.

हे आकडे मी कॉलेजात पहिल्यांदा वाचले तेव्हा पान उलटवेना. ईसीजी सुधारलेला, डॉक्टर समाधानी, घरचे निश्चिंत, आणि माणूस गेलेला! तुलनेला दुसरा गट नसता तर 'अटॅकचाच पेशंट होता, गेला' असंच सगळे म्हणाले असते. १९८९ मध्ये या दोन्ही गोळ्यांची चाचणी मुदतीआधीच थांबवली. एनकेनाइड पुढे बाजारातून गेली.

कारण साधारण असं सांगतात. अटॅकनं मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण राहतो. त्याच्या कडेनं विजेचा प्रवाह आधीच रखडत जातो. गोळी त्याला आणखी मंद करते. मग तो उशिरा बाहेर पडतो, तोवर मागचा स्नायू पुन्हा तयार झालेला असतो, आणि प्रवाह तिथंच गोल गोल फिरायला लागतो.

"मग मेव्हण्याला बंद करायला सांगू?" काका घाबरले. मी म्हटलं, अजिबात नको. त्यांचा त्रास वेगळा, एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा. त्यांना अटॅक आलेला नाही आणि इको बघूनच डॉक्टरांनी ती दिलीय. तुम्ही मात्र तुमच्या डॉक्टरांना आजच ठोक्यांचं सांगा.

माझ्यासमोरच त्यांनी मुलाला फोन लावला. संध्याकाळची वेळ मिळाली. जाताना स्ट्रिप परत खिशात ठेवली, मेव्हण्याला द्यायची म्हणून.