पोरीच्या वादविवादाचा विषय

मंगळवार, रात्री

पोरीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय असा: ‘संघटित धर्मामुळे मानवजातीचे भल्यापेक्षा नुकसानच अधिक झाले आहे.’ चिठ्ठी टाकली तेव्हा पोरीला अनुकूल बाजू आली. म्हणजे नुकसान झालंय, हे ठासून सांगायचं. जेवताना तिनं मोबाइलवरून मुद्दे वाचून दाखवले. क्रुसेड म्हणजे युरोपातली धर्मयुद्धं, इन्क्विझिशन म्हणजे चर्चची पाखंड्यांवरची न्यायालयं, गॅलिलिओ, फाळणी. तिची आई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, “मग माझी माळ काढून ठेवू का काय?”

मी म्हटलं, “युरोपात कशाला जातेस? वाईच्या पुढचा घाट चढ की.”

25 जानेवारी 2005. पौषी पौर्णिमा, मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा. वाईहून एसटीच्या जादा गाड्या सुटत होत्या, त्यातल्या एकीवर मी वाहक. मांढरदेव ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, देवळाकडं जाणारी वाट चढाची आणि चिंचोळी, दोन्ही बाजूंना दुकानांची दाटी. पायऱ्यांवर नारळ फुटत होते, पाण्यानं दगड निसरडे झालेले. वर काहीजण घसरून पडले, खालच्यांना त्याचा पत्ता नाही, ते रेटतच राहिले. चेंगराचेंगरी झाली. मग दुकानांना आगी लागल्या, गॅसच्या टाक्या फुटल्या. सुमारे तीनशे माणसं गेली. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी तिकिटं फाडली नाहीत. मागायचं कुणाला, आणि कुठल्या तोंडानं?

गाडीत एक म्हातारी सारखी एकच बोलत होती, आईचा कोप झाला, आईचा कोप झाला. तिच्याबरोबर आलेली सून तिला सापडली नव्हती.

पुढं न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग बसला. आता यात्रेच्या आधी दरवर्षी प्रशासनाचा आदेश निघतो. पशुहत्या करायची नाही, झाडांना खिळे ठोकायचे नाहीत, असं बरंच काही. पोलीस, रुग्णवाहिका, सगळं लागतं.

पोरगी लिहून घेत होती. मी म्हटलं, थांब, एवढ्यावर खूश होऊ नको. माझ्या गाडीत किती बसणार आणि किती उभे राहणार, हे आतच लिहिलेलं असतं. त्या डोंगरावर किती माणूस मावतो, हे कुठं लिहिलेलं होतं? श्रद्धा लाखांची होती, व्यवस्था नव्हती. मग तिथं संघटित धर्मानं माणसं मारली म्हणायचं, की संघटितपणा नव्हता म्हणून ती गेली?

“पप्पा, तुम्ही माझ्या विरुद्ध पार्टीचं बोलताय,” म्हणाली आणि वही मिटली.

गुरुवार

आज दुपारी तिला बाबासाहेब आंबेडकरांची मसूर स्टेशनची गोष्ट सांगितली. तिला शाळेत शिकवलीय, पण त्यातला रस्ता शिकवला नव्हता.

1901 सालचा उन्हाळा. भीमराव नऊ-दहा वर्षांचे, साताऱ्यात शिकायला. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर ही पोरं सुट्टीला वडिलांकडं निघाले. नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनला उतरले, तर न्यायला कुणी नाही, पत्र वेळेत पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी आस्थेनं चौकशी करत होता. पोरांनी जात सांगितली, तसा त्याचा चेहराच बदलला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही अशा अटीवर की पोरांनी गाडी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं. मुसलमान आहोत असं सांगूनही मिळालं नाही. बरोबर जेवण होतं, पण पाण्यावाचून पोरं उपाशीच झोपली. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

त्या रस्त्यानं मी कैक वर्षं गाडीवर गेलोय. मसूर आलं की प्रत्येक वेळी आठवायचं असं नाही, खोटं कशाला बोलू. पण एक विचार तेव्हापासून डोक्यात आहे. त्या रात्री रस्त्यात कुणी पुजारी नव्हता. कुठलं पीठ नाही, मठ नाही, फतवा नाही. स्टेशनमास्तर रेल्वेचा नोकर, गाडीवान पोटासाठी गाडी हाकणारा, टोलवाला टोलवाला. तरीही स्टेशनपासून नाक्यापर्यंत एकच नियम, आणि तो न सांगता पाळला गेला. कार्यालय नाही, शिक्का नाही, तरी अंमलबजावणी पक्की. एवढी पक्की व्यवस्था सरकारलासुद्धा जमत नाही.

म्हणजे परवाचा माझाच मुद्दा इथं आडवा पडला. मांढरदेवला व्यवस्था नव्हती म्हणून माणसं मेली, आणि मसूरला व्यवस्था होती म्हणून पोरं तहानलेली राहिली.

पोरगी खूश. पण पुढचं ऐकून परत गप्प झाली. 1935 ला येवल्यात बाबासाहेब म्हणाले, हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर त्यांनी धर्म ही भानगडच नको असं म्हणायला काय हरकत होती? तेवढं सोसलेल्या माणसाला तो अधिकार होता. त्यांनी वीसेक वर्षं विचार केला आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांना बरोबर घेऊन बौद्ध धम्म स्वीकारला. एकट्यानं घरात बसून नव्हे. दीक्षा, बावीस प्रतिज्ञा, सगळं रीतसर. धर्माचा चटका ज्याला सगळ्यांत जास्त बसला, त्यानंच माणसाला धर्म लागतो म्हणावं? दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कटगुणची मुळं असलेले जोतीराव फुले यांचंही तसंच. त्यांना निर्मिक, म्हणजे सगळ्यांना निर्माण करणारा, मान्य होता, मधला भट नको होता. सत्यशोधक समाज 1873 चा. लग्न लावायला मध्ये कुणी नको, ही त्यांची मागणी.

यावर पोरगी मला म्हणाली, “पण पप्पा, तुम्हीपण मधलाच माणूस होता की. गाडी ड्रायव्हर चालवतो, पैसे पॅसेंजर देतो.”

कार्टी हुशार आहे. खरं आहे, जन्मभर मी मधला माणूस. पण माझ्या खांद्यावर पिशवी होती तसा माझ्या डोक्यावर चेकरही होता. कुठल्याही फाट्यावर तपासणीचं पथक गाडीत चढणार, तिकिटं मोजणार, वेबिल म्हणजे तिकिटांच्या नोंदीचा कागद बघणार, पिशवीतली रोकड मोजायला लावणार. रुपया कमी भरला तर मी गोत्यात. प्रामाणिक माणसांचा पण त्या पथकानं कितीदा अपमान केलाय, माझा पण केलाय, तरी मी म्हणेन ते पाहिजे. ते नसतं तर आमच्यातल्या निम्म्यांचे इमान कुठल्या वळणावर उतरून गेलं असतं, सांगता येत नाही. देवाच्या गाडीतल्या मधल्या माणसाला चेकर कोण?

अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर डॉक्टर ते काम करत होते असं मला वाटतं. आपल्या साताऱ्याचे, शिकले मिरजेच्या मेडिकल कॉलेजात, कबड्डीचे जबर खेळाडू. देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावाखाली होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. ऐकणाऱ्यांनी निम्मंच ऐकलं. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला गेले असताना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. त्या पुलाला नाव विठ्ठल रामजी शिंदे यांचं. धर्माच्या आत राहून अस्पृश्यतेशी झगडण्यात ज्यांचा जन्म गेला, ते शिंदे. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, ज्यासाठी डॉक्टर कित्येक वर्षं खेटे घालत होते. 2024 च्या मे महिन्यात दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले.

हे लिहिताना हात जड झाला. आपल्याच जिल्ह्यातल्या पुसेसावळीचं पण लिहायचं होतं. सप्टेंबर 2023, मोबाइलवरच्या पोस्टवरून जमाव मशिदीत शिरला, एक तरुण पोरगा जिवानिशी गेला. तिथून पलीकडं सांगली जिल्ह्यातलं कडेगाव काही फार लांब नाही, जिथं मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान दोघं मिळून उचलतात. दोन्ही गावांत धर्म तोच, पंचांग तेच. जास्त लिहीत नाही.

शनिवार

लोणंदला जाऊन आलो. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात आली. पोरीच्या आईच्या गुडघ्यामुळं यंदा वारी नाही, म्हणून निदान मुक्कामाला तरी जाऊ म्हणाली. पोरगी पण आली, वही घेऊन. मी नोकरीत असताना लोणंदला पालखीच्या जादा गाड्यांवर असायचो, पण तेव्हा लक्ष पैशांच्या पिशवीकडं. समाजआरती नीट बघितली ती आत्ता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पालखी तळावर पोचते, दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंग चालू असतात. इतका आवाज, की शेजारच्याचं ऐकू येत नाही. मग चोपदार दंड उंचावतो आणि होऽऽ म्हणतो. क्षणात सगळं शांत. पण एखाद्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, तर त्या दिंडीनं टाळ वाजवणं थांबवायचं नाही. हजारो माणसं गप्प आणि एकाच कोपऱ्यातून टाळ वाजतोय. चोपदार तिकडं जातो, काय तक्रार आहे ते ऐकतो, तोडगा निघतो, मग टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याची माहिती, उद्या किती वाजता निघायचं ते. मग आरती. तक्रार ऐकल्याशिवाय देवाची आरती पुढं जात नाही! नोकरीत अशी सोय असती तर मी रोज टाळ वाजवला असता.

ही शिस्त कुणी लावली? आरफळच्या हैबतबाबांनी. आरफळ म्हणजे साताऱ्याच्या जवळचं. शिंदे सरकारांच्या पदरी असलेला लष्करी माणूस, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यानं पालखी सोहळ्याला हे रूप दिलं. दिंड्यांचे क्रम, कोण रथापुढं, कोण रथामागं, अश्व, चोपदार. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. संघटित धर्म म्हणतात तो हाच, अगदी कवायतीसकट. माझ्या आईला आयुष्यात सुट्टी अशी एकच, वारीची. सासरा, दीर, जनावरं, चार लेकरं, सगळं टाकून बाईमाणूस पंधरा-वीस दिवस घराबाहेर राहणार आणि कुणी हूं की चूं करणार नाही. डॉक्टरनं सांगून नसतं मिळालं, पुढाऱ्यानं सांगून नसतं मिळालं. दिंडीच्या यादीत नाव पडलं की मिळायचं. पोरीला म्हटलं, याचं वजन तुझ्या क्रुसेडच्या तराजूत कुठं टाकतेस?

ती गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हणाली, “आणि चोखोबा?”

बरोबर आहे. ही सगळी वाट चालून ज्या दारात पोचायचं, ते दार कुणासाठी बंद होतं? चोखोबांची समाधी बाहेरच्या पायरीपाशी. शेकडो वर्षं अभंग त्यांचे गायचे आणि आत घ्यायचं नाही. त्यांचे टाळ वाजतच होते की, चोपदार तिकडं गेलाच नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा पंढरपूरचं दार उघडलं. तिथल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे, बडवे-उत्पातांचे, हक्क सुप्रीम कोर्टानं मोडीत काढले ते 2014 ला. गाऱ्हाणं ऐकायची रीत होती, पण फक्त रिंगणात उभं राहायची मुभा असलेल्यांसाठी.

हिला आमचं बोलणं पसंत पडलं नाही. “माउलींच्या तळावर बसून हे काय बोलताय?” म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, तिच्या माहेरच्या दिंडीत वेगळी पंगत असायची, ती लहान असताना. कुणी त्यावर टाळ वाजवला नाही.

परतीच्या गाडीत पोरीनं विचारलं, शेवटी तुमचं मत काय, एका वाक्यात सांगा. एका वाक्यात सांगता आलं असतं तर मी पण स्पर्धेत नाव दिलं असतं. माझा हिशेब एवढाच आहे की धर्म बरा का वाईट, हे देवावरून ठरत नाही. आत उभ्या असलेल्या सगळ्यांत लहान माणसानं ओरडलं तर कुणी बघतं का, आणि नाही बघितलं तर त्याला सुखानं उतरून दुसरी गाडी धरता येते का, यावर ठरतं. बाबासाहेबांनी दुसरी गाडी धरली. सगळ्यांना धरू देतात असं नाही. तिनं हे लिहून घेतलं, पण म्हणाली परीक्षकांना आवडणार नाही, त्यांना ठाम लागतं.

घरी आलो तर शेजारच्यांनी पावती आणून दिली. श्रावणातल्या सप्ताहाची वर्गणी, गावाकडच्या कमिटीची. गेल्या सालापेक्षा आकडा दुप्पट. फोन करून विचारलं, मागचा जमाखर्च कुठं लावलाय? पलीकडून हसत उत्तर आलं, “देवाच्या कामात हिशोब कसला मागताय आण्णा?” पोरगा चांगला आहे, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. त्याला खरंच तो प्रश्न विचित्र वाटला.

उद्या सकाळी बैठक आहे, मारुतीच्या देवळात. वर्गणी देणार, पूर्ण देणार. सप्ताहात एकदा तरी सगळं गाव एका पंगतीला बसतं, त्याचे पैसे मला जड नाहीत. पण जमाखर्च वाचून दाखवा म्हणणार, आणि वाचेपर्यंत उठणार नाही. ही म्हणते, लोक नावं ठेवतील, म्हातारपणी नास्तिक झाला म्हणतील. पोरगी म्हणते मी पण येते, बैठकीत बायकांना कुठं बसवतात ते मला बघायचंय. पहिली एसटी सव्वासहाची आहे.