घाणा क्रमांक 14: चोर घरातच होता

मंगळवारी रात्री ट्रे बाहेर काढला, तर बारा चॉकलेट चिप कुकीजच्या जागी एकच अखंड चौकोनी पत्रा. कडा लागलेल्या, मधे बटरचं तळं. लेकीनं मागून डोकावून विचारलं, "आई, यातली माझी कुठून कुठपर्यंत?"

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोंडानं लिहिलं होतं, की कुकीज पसरू नयेत म्हणून डो, म्हणजे कुकीचं कालवलेलं पीठ, 24 तास फ्रीजमध्ये ठेवणं हाच रामबाण उपाय. तो शब्द मागे घेते. चवीबद्दलचा नाही हं. मुरलेल्या डोला भाजताना जो टॉफीसारखा वास सुटतो, त्याला तोड नाही. पण हा घाणा तब्बल 36 तास मुरलेला होता, गोळे दगडासारखे टणक होते, आणि तरी ये रे माझ्या मागल्या.

माप तुम्हाला पाठ असेलच: बटर 115 ग्रॅम, ब्राऊन शुगर 100, पांढरी साखर 50, एक अंडं, मैदा 150, सोडा अर्धा छोटा चमचा. घाणा 11 मध्ये मैदा 165 केला, 12 मध्ये 180. पसरणं थोडं आवरलं, पण कुकी घासाला पिठूळ, पाण्याशिवाय न उतरणारी. 13 मध्ये सोडा निम्म्यावर आणला, तर रंगच चढला नाही. सोड्यामुळे डोतला आंबटपणा मरतो आणि तांबूसपणा लवकर येतो, हे माहीत असूनही केलं. हट्ट, दुसरं काय.

पत्रा खरवडताना डोक्यात आलं, की आपण डोच्या मागे लागलोय, ओव्हनला कुणी काही विचारलंच नाही. बटर 32 ते 35 अंशांच्या आसपास पाघळतं. अंडं आणि मैद्यातला स्टार्च आकार धरतात ते त्याच्या बरंच पुढे, 60-70 च्या वर. ओव्हन नीट तापलेला असेल तर ही मधली वाट चटकन सरते. मंद असेल तर बटरला पाय पसरायला निवांत वेळ मिळतो.

माझ्या ओटीजीचा, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या ओव्हनचा, दिवा विझला की 180 झालं, असं मी दोन वर्षं समजत होते. ओव्हन थर्मामीटर आत टांगला. दिवा विझला, काटा 155 वर. दार उघडून ट्रे सरकवला, 130. पाच मिनिटांनी, 140! म्हणजे माझ्या कुकीज भाजल्या जात नव्हत्याच, शेकत बसल्या होत्या.

थर्मामीटरच खोटा निघाला तर? म्हणून साखरेची परीक्षा घेतली. साधी साखर साधारण 186 अंशांना वितळते. फॉइलची छोटी वाटी करून चमचाभर साखर घातली आणि डायल 190 वर ठेवून 15 मिनिटं वाट पाहिली. एक कणही जागचा हलला नाही, चमचा फिरवला तर खळखळ आवाज. डायल 215 वर नेला तेव्हा कुठे कडेची साखर काचेसारखी झाली. म्हणजे डायल 25 अंशांनी खोटं बोलतो, आणि दिवा विझतो तेव्हा नुसती हवा तापलेली असते, भिंती नाहीत. दार उघडलं की ती हवा पळाली.

सुदैवानं 14 मधले सहा गोळे फ्रीझरमध्ये होते. तोच डो, तेच माप. फ्रीझरमुळे फरक पडला असं कुणी म्हणू नये म्हणून तीन गोळे आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये उतरवून ठेवले, तीन तसेच गोठलेले. डायल 205, प्रीहीट मोजून 30 मिनिटं, दार उघडून झटकन बंद. आणि मी स्टूल ओढून काचेसमोर बसले.

आठव्या मिनिटाला कडा थांबल्या. खरंच थांबल्या! बाराव्याला फ्रीजवाले तीन बाहेर, गोठलेले आणखी दोन मिनिटांनी. दोन्हींत जेमतेम करंगळीच्या नखाएवढा फरक. वरून तडे, कडा खरपूस, मधे बोट टेकवलं की किंचित दबणारी. एक मोडली तर चॉकलेटची तार दोन्ही अर्ध्यांमध्ये लोंबत राहिली. ती तुटेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

हत्यारांबद्दल थोडं. सिलिकॉन मॅट कपाटात गेली: तिच्यावर बूड फिकं राहतं आणि कुकी घसरल्यासारखी पसरते. साधा बेकिंग पेपर बरा. काळा ट्रे बूड करपवतो, फिक्या रंगाचा घ्या. स्प्रिंगवाल्या स्कूपनं तिसऱ्याच घाण्याला मान टाकली. आता 45 ग्रॅमचे गोळे वजनकाट्यावर. चॉकलेट चिप्सऐवजी चॉकलेटची वडी चिरून घालणं मात्र मी सोडणार नाही. चिप्समध्ये सहसा कोको बटर कमी, म्हणून त्या आकार धरून बसतात. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या टोल हाऊस इन या खानावळीत ही कुकी पहिल्यांदा करणाऱ्या रुथ वेकफिल्ड यांनीही वडीचे तुकडेच घातले होते, चिप्स मागाहून आल्या.

पुढचा बेत ब्राऊन बटरचा, म्हणजे तांबूस होईपर्यंत कढवलेल्या बटरचा. बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असतं, ते कढवताना उडतं, म्हणजे 115 ग्रॅममागे 18-20 ग्रॅम तूट. तेवढा बर्फाचा खडा गरम बटरमध्ये टाकायचा, पाणीही परत आणि बटरही निवतं…

थांबा. लिहिता लिहिता लक्षात आलं: 11, 12, 13 या तिन्हींचे निष्कर्ष मी थंड ओव्हनमध्ये काढलेत. जास्त मैदा, कमी सोडा, सगळं संशयास्पद. 24 तासांचा फ्रीजसुद्धा! कदाचित रंगासाठी तो हवा असेल, आकारासाठी त्याची गरजच नसेल. ब्राऊन बटर पुढे ढकललं. घाणा 15 मूळ मापाचा: अर्धे गोळे कालवल्या कालवल्या ओव्हनमध्ये, उरलेले उद्या रात्री, डायल दोन्ही वेळा 205.

बटर ओट्यावर काढून ठेवलंय. बोट दाबलं की खळगा पडतो, पण बोटाला लागत नाही. अजून दहा मिनिटं.